युद्ध जाहीर झालेलं नसेल तरी जिनिव्हा करार लागू होतो का?

हो, लागू होतो. युद्धातले जखमी, कैदी आणि नागरिक यांना कसं वागवावं हे ठरवणाऱ्या, 1949 च्या चारही जिनिव्हा करारांचं दुसरं कलम सांगतं की दोन देशांत सशस्त्र संघर्ष झाला की करार लागू, मग एखादा देश त्याला युद्ध म्हणो वा न म्हणो. त्यामुळे ‘युद्ध जाहीर झालंच नव्हतं’ ही सबब चालत नाही.

भारतीय हवाई दलाचे वैमानिक अभिनंदन वर्धमान यांचंच घ्या. 27 फेब्रुवारी 2019 ला त्यांचं मिग-21 लढाऊ विमान पडलं आणि ते पाकिस्तानच्या ताब्यात गेले. तिसऱ्या कराराच्या 17 व्या कलमानुसार युद्धकैद्याला नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सेवा क्रमांक एवढंच सांगणं बंधनकारक असतं. कोणतं विमान चालवत होता, असं विचारल्यावर त्यांनी उत्तर नाकारलं, तो त्यांचा हक्कच होता. उलट, रक्ताळलेल्या चेहऱ्याचा त्यांचा व्हिडिओ जगाला दाखवणं हा माझ्या मते सरळ सरळ करारभंग होता. 13 वं कलम कैद्याला मारहाणीपासून, अपमानापासून आणि लोकांच्या बघेगिरीपासूनही संरक्षण देतं. आपल्याकडे तेच व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्यांनी याचा जरा विचार करायला हवा होता. 1 मार्चला ते वाघा सीमेवरून परतले. सक्रिय लढाई थांबल्यावर कैद्यांना विनाविलंब सोडावं, असं 118 वं कलम सांगतंच.

अंमलबजावणी मात्र लंगडी आहे. भारतात यासाठी 1960 चा कायदा आहे, पण त्याखालच्या गुन्ह्याची दखल न्यायालय सरकारच्या किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या तक्रारीवरूनच घेऊ शकतं. पीडिताला स्वतः दाद मागता येत नाही, आणि हे बदलायला हवं.