'ब्लिट्झपासून बचाव' म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकन फुटबॉलच्या समालोचनात 'प्रोटेक्टिंग अ यंग क्वार्टरबॅक फ्रॉम द ब्लिट्झ' हे शब्द सतत कानावर पडतात. भारतातून आलेल्या आईवडिलांना सामना समजावून सांगताना 'तरुण क्वार्टरबॅकचा ब्लिट्झच्या आक्रमणापासून बचाव' असं म्हटलं तर बरोबर होईल का?

व्याकरणात खोट नाही, पण ऐकणाऱ्याचा घोटाळा नक्की होईल. कबड्डी असो, हॉकी असो, आपल्या क्रीडापानांवर 'बचाव' हा शब्द डिफेन्ससाठी पक्का बसला आहे. बचावफळी, बचावपटू, भक्कम बचाव. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू ज्याच्याकडे तो संघ आक्रमक, आणि क्वार्टरबॅक हा त्या आक्रमणाचा सूत्रधार. ब्लिट्झ करतो तो समोरचा संघ, म्हणजे बचाव करणारा! मग तुमच्या वाक्यात बचावफळी आक्रमण करते आणि आक्रमणफळी बचाव करते. खेळ पहिल्यांदाच पाहणाऱ्या माणसाला यातून काहीच उलगडणार नाही. म्हणून 'बचाव' आणि 'आक्रमण' हे दोन्ही शब्द संघांच्या भूमिकांसाठी राखून ठेवावेत आणि या प्रसंगासाठी वेगळे शब्द घ्यावेत.

आधी ब्लिट्झ. मूळ जर्मन शब्दाचा अर्थ वीज. 'ब्लिट्झक्रीग' म्हणजे विजेच्या वेगाचं युद्ध, आणि 1940-41 मध्ये लंडनवर झालेल्या बॉम्बवर्षावामुळे 'ब्लिट्झ' एवढाच तुकडा इंग्रजीत रूढ झाला. मुंबईकरांना 1941 साली सुरू झालेलं करंजियांचं साप्ताहिक आठवेल, हल्लीच्या वाचकांना बुद्धिबळातला ब्लिट्झ. बुद्धिबळासाठी मराठी वृत्तपत्रं 'अतिजलद' लिहितात आणि ते तिथे चपखल आहे, कारण तिथे प्रश्न घड्याळाचा असतो. फुटबॉलमधला ब्लिट्झ मात्र माणसांच्या संख्येवर ठरतो.

दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू. एरवी बचाव करणारा संघ चार जण क्वार्टरबॅकच्या अंगावर सोडतो, उरलेले सात मागे राहून पास अडवायला थांबतात. पाच किंवा अधिक जण सोडले की तो ब्लिट्झ. ते जादा गडी मधल्या फळीतल्या लाइनबॅकरमधून येतील, कोपऱ्यातून येतील, कधी अगदी शेवटच्या फळीतला सेफ्टीसुद्धा धावून येईल. 1960च्या दशकात सेंट लुईस कार्डिनल्सचा लॅरी विल्सन या सेफ्टी ब्लिट्झसाठी गाजला. कोण येणार आणि कुठून येणार, हे चेंडू हलेपर्यंत कळू द्यायचं नाही, हा त्यातला डाव. या अर्थाला आपल्याकडचा 'छापा' सर्वात जवळचा: अचानक, अनपेक्षित बाजूने, जिथे समोरच्याचं बळ कमी तिथे. 'चढाई' घेऊ नये, कारण कबड्डीमुळे चढाई म्हटलं की एकटा गडी डोळ्यांपुढे येतो. चर्चेत ब्लिट्झ हा शब्द तसाच ठेवावा, अर्थ सांगताना 'छापा' म्हणावं.

आता 'तरुण'. इथे 'यंग'चा अर्थ वयापेक्षा अनुभवाकडे झुकतो. ब्रँडन वीडन 2012 साली क्लीव्हलँड ब्राउन्स या व्यावसायिक संघाकडे आला तेव्हा 28 वर्षांचा होता, आधी बेसबॉल खेळून आलेला. त्या वयाचे इतर क्वार्टरबॅक एव्हाना चार-पाच हंगाम खेळून मुरलेले असतात. वीडन त्यांच्याच वयाचा, पण या पातळीवर नवखा. म्हणून 'नवखा क्वार्टरबॅक' म्हणावं.

राहिलं 'प्रोटेक्ट'. इथे मराठी आपल्याला भरभरून देते. क्वार्टरबॅकपुढे पाच लाइनमन भिंतीसारखे उभे राहतात. त्यांच्या कामासाठी 'राखणे' हे क्रियापद घ्यावं: 'लाइनने क्वार्टरबॅकला राखलं.' उजव्या हाताने फेकणारा क्वार्टरबॅक पाय मागे घेतो तेव्हा त्याची पाठ डाव्या बाजूला वळलेली असते. तिकडून येणारा त्याला दिसतच नाही. 18 नोव्हेंबर 1985 रोजी जायंट्सचा लाइनबॅकर लॉरेन्स टेलर असाच वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइसमनवर येऊन आदळला. थाइसमनचा पाय मोडला आणि तो पुन्हा खेळू शकला नाही. ती बाजू सांभाळणारा लेफ्ट टॅकल, म्हणजे डाव्या टोकाचा लाइनमन, जे करतो ती अक्षरशः पाठराखण. हल्ली हा शब्द आपण 'मंत्र्यांनी अधिकाऱ्याची पाठराखण केली' अशा बातम्यांपुरता उरवला आहे. पण नव्या नवरीबरोबर सासरी जाते ती पाठराखीण, हा वापर आठवला की नवख्या क्वार्टरबॅकच्या संदर्भात हा शब्द किती नेमका बसतो ते पटेल.

सहा जण आले आणि अडवायला पाचच असले, तर एक मोकळा सुटणार. त्याच्यासाठी रनिंग बॅकला, म्हणजे एरवी चेंडू घेऊन धावणाऱ्या गड्याला, मागे थांबवतात. तो धावून येणाऱ्या आडदांड लाइनबॅकरला अडवतो, त्याला इंग्रजीत 'ब्लिट्झ पिक-अप' म्हणतात. मराठीत 'उचलणं' मुळीच नको. 'अंगावर घेणं' म्हणा: 'रनिंग बॅकने ब्लिट्झ अंगावर घेतला.' मला हा प्रयोग फार आवडतो, कारण त्यात धडकही आली आणि दुसऱ्यासाठी झीज सोसणंही आलं.

पण पाच-सात धिप्पाड गडी उभे केले म्हणजे नवखा वाचला असं नव्हे. जवळून पाहा. दोन खेळींमध्ये 40 सेकंदांचं घड्याळ चालतं. प्रशिक्षक क्वार्टरबॅकला हेल्मेटमधल्या रेडिओवरून खेळी सांगतो, पण घड्याळात 15 सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. पुढचं सगळं क्वार्टरबॅकने स्वतःच पाहायचं. समोरचा मधला लाइनबॅकर कोण हे बोटाने दाखवून लाइनला सांगायचं, कोण पुढे सरकलाय, कोण उगाच डोकावतोय हे हेरायचं, आणि चेंडू हातात आल्यावर साधारण अडीच-पावणेतीन सेकंदांत तो फेकायचा. आलेल्या सहाव्या गड्याने मागे जी जागा मोकळी सोडली, तिथेच आपला रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा गडी, आखूड धाव घेऊन वळतो. चेंडू तिकडे गेला की छापा फुकट गेला. मुरलेल्या खेळाडूला हे दिसतं, नवख्याला एक क्षण उशिरा दिसतं. वरून समोरचे हूल देतात: पुढे येतोय असं दाखवायचं आणि चेंडू हलताच मागे सरायचं, त्याच वेळी भलताच कोणी तरी आत घुसतो. प्रशिक्षक डिक लबो यांनी सिनसिनाटी बेंगल्सकडे असताना घडवलेला झोन ब्लिट्झ हे याच हुलीचं शास्त्र. खो-खोतला 'हूल' हा शब्द इथे जसाच्या तसा चालतो.

म्हणून प्रशिक्षकाच्या बाजूने बोलायचं तर 'सांभाळून घेणे' हाच प्रयोग योग्य. आखूड पास आखायचे, स्क्रीन पास (अडवणाऱ्या गड्यांच्या आडून जवळच दिलेला पास) ठेवायचा, धावण्याच्या खेळी वाढवायच्या म्हणजे समोरच्याला बेधडक ब्लिट्झ करता येत नाही. 2004 मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सनी बेन रॉथलिसबर्गरला असंच सांभाळून घेतलं. पासपेक्षा धावण्यावर भर दिला, आणि त्या पोराने नियमित हंगामात सुरुवातीपासून खेळवलेले तेराही सामने जिंकले. उलट डेव्हिड कार. ह्यूस्टन टेक्सन्स हा संघ 2002 मध्ये नव्याने उभा राहिला, नव्या खेळाडूंच्या निवडीत कारला त्यांनी पहिल्याच क्रमांकावर घेतलं, आणि त्या एका हंगामात 16 सामन्यांत तो 76 वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू हातात असताना लोळवला गेला. एका हंगामातला तो विक्रम अजून कायम आहे. नव्या संघाची लाइन कच्ची होती, एवढ्यावर हे सोडून द्यायला माझं मन तयार होत नाही. कार पोलादाचा निघाला, सोळाही सामने खेळला, पण त्याला राखलं कोणी नाही आणि सांभाळून घेतलंही कोणी नाही. हे दोन प्रयोग वेगळे ठेवले तर चर्चेतही दोष नेमका कुठे होता ते बोलता येतं.

तेव्हा आईवडिलांना सांगताना: 'नवख्या क्वार्टरबॅकला ब्लिट्झमध्ये सांभाळून घेणं.' फक्त लाइनबद्दल बोलत असाल तर 'ब्लिट्झपासून राखणं'.

लिंगाचंही ओघाने सांगतो. काही जण 'ती ब्लिट्झ' म्हणतात. छापा, हल्ला, घाला हे सगळे पुल्लिंगी, म्हणून मी 'ब्लिट्झ आला', 'ब्लिट्झ ओळखला', 'ब्लिट्झ फसला' असंच लिहितो. जर्मन उच्चाराला धरून 'ब्लिट्स' लिहिणंही चूक नाही, पण मराठीत 'ब्लिट्झ' रुळलं आहे आणि विभक्तीही त्याला सहज लागते: ब्लिट्झचा, ब्लिट्झला, ब्लिट्झमध्ये.