१४ दिवसांचा नियम पाळूनही बोटीचा परवाना धोक्यात

प्रश्न : मी इंग्लंडमधील बाथ शहरात स्किल्ड वर्कर व्हिसावर नोकरी करतो. घरभाडे झेपेना म्हणून दोन वर्षांपूर्वी ३२ फुटी फायबरग्लासची डिझेल मोटरबोट घेतली. केनेट अँड एव्हन कालव्यावर मी तिच्यातच राहतो. बोट बांधून ठेवायला कायमची जागा, म्हणजे होम मूरिंग, नसल्याने परवाना 'होम मूरिंग नसलेली बोट' या प्रकारातला आहे. दर १४ दिवसांच्या आत बोट हलवतो. नोव्हेंबरात मात्र इंजिन तापून बंद पडले आणि बाथहॅम्प्टनला २३ दिवस अडकलो. आता कालव्याची देखभाल करणाऱ्या आणि परवाना देणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टची नोटीस आली आहे की वर्षभर बोट बाथ ते ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन एवढ्याच पट्ट्यात दिसली. २८ दिवसांत त्रुटी दूर केली नाही तर परवाना संपेल. माझे घर ओढून नेतील का? व्हिसावर परिणाम होईल का? मित्र म्हणतो, मरिनात (बोटींच्या छोट्या बंदरात) स्वस्त लेझर मूरिंग, म्हणजे फक्त सहलीच्या बोटींसाठी असलेली जागा, घे आणि तिथेच राहा.

उत्तर : सर्वांत आधी नोटिशीवरची तारीख पाहा आणि २८ दिवस कधी संपतात ते लिहून ठेवा. ही मुदत १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्याच्या कलम १७ मधून आली आहे. तेवढ्यात त्रुटी दूर झाली नाही तर मुदतीच्या शेवटच्या दिवशी परवाना संपतो. तुमच्या हातात आज जेवढे आहे, तेवढे त्यानंतर राहणार नाही.

तुमचा समज असा दिसतो की कायदा फक्त १४ दिवसांचा आहे. तसे नाही. होम मूरिंग नसलेल्या बोटीसाठी कलम १७ मध्ये दोन गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत : परवान्याच्या पूर्ण काळात बोट प्रामाणिकपणे जलप्रवासासाठी वापरली गेली पाहिजे, आणि कोणत्याही एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता कामा नये, परिस्थितीनुसार वाजवी असेल तर अधिक काळ चालतो. दुसरी अट तुम्ही बहुतांशी पाळली आहे. अडचण पहिलीची आहे. बाथ ते ब्रॅडफर्ड हे अंतर जेमतेम १० मैल. त्यात बाथच्या वरच्या लॉकपासून (लॉक म्हणजे बोट पाण्याच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारा दरवाजांचा कप्पा) ब्रॅडफर्डच्या लॉकपर्यंत एकही लॉक नाही, म्हणून या पट्ट्यात ये-जा करणे फार सोपे जाते. याच पट्ट्यातल्या एका बोटमालकाविरुद्ध २०११ साली ब्रिस्टलच्या काउंटी कोर्टाने निकाल दिला. मुळात एकाच भागात राहायचे आणि त्यासाठी बोट मागेपुढे करत राहायची, याला कोर्टाने प्रामाणिक जलप्रवास मानले नाही. काउंटी कोर्टाचा निकाल इतर कोर्टांवर बंधनकारक नसतो, पण तुमची वस्तुस्थिती त्याच्या इतकी जवळ आहे की त्यावर डोळेझाक करणे परवडणार नाही.

किती मैल पुरेत? कायद्यात आकडा नाही. परवान्याच्या काळात २० मैलांपेक्षा कमी पल्ला असेल तर समाधान होणे अवघड, अशी कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टची स्वतःची भूमिका आहे. 'ठिकाण' म्हणजेही खुंटा नव्हे, परिसर. ३०० मीटर पुढे जाऊन दुसऱ्या झाडाखाली बोट बांधली, तर नवे १४ दिवस सुरू होत नाहीत. नोकरी बाथमध्ये आहे हे कारणही चालत नाही.

इंजिनाच्या बिघाडाचे तसे नाही, ते वाजवी कारण आहे. मात्र पुरावा लागेल. बाहेरचे पाणी खेचणाऱ्या पंपातील रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारे पात्यांचे चाक) फाटला असेल, तर जुना इम्पेलर फेकू नका, त्याचा फोटो काढा. सुटा भाग कधी मागवला, कधी आला, मेकॅनिक कधी येऊन गेला, याची बिले आणि निरोप तारखेनुसार लावा. तुटलेल्या पात्यांचे तुकडे हीट एक्स्चेंजरमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या भागात) अडकतात आणि नवा इम्पेलर बसवूनही इंजिन पुन्हा तापते. तुमच्याकडे असे झाले असेल तर २३ दिवस का लागले, याचे ते सरळ उत्तर आहे. मेकॅनिककडून दोन ओळी लिहून घ्या. यापुढे असे काही झाले तर १४ वा दिवस उजाडण्याआधीच ईमेल करा : बोटीचा क्रमांक, नेमके ठिकाण, बिघाड, दुरुस्तीची अपेक्षित तारीख आणि फोटो. आधी कळवलेली अडचण आणि नोटीस आल्यावर सांगितलेली अडचण यांचे वजन सारखे नसते.

ट्रस्टचे कर्मचारी कालव्याच्या काठाने फिरून बोटींचे क्रमांक नोंदवतात. दोन नोंदींच्या मधल्या काळात तुम्ही कुठे होता हे त्या नोंदींत नसते. मध्ये पुढे जाऊन परत आला असाल, तरी कागदावर बोट जागची हललेली दिसत नाही. म्हणून तुमच्या बोटीच्या सगळ्या नोंदींची प्रत माहिती संरक्षण कायद्याखाली लेखी मागा. साधारण एका महिन्यात ती द्यावी लागते, आणि विनंतीला शुल्क नाही. मात्र नोटिशीचे उत्तर तिच्यासाठी अडवून ठेवू नका. फोनमधले ठिकाण व वेळ नोंदलेले फोटो, डिझेल भरल्याच्या पावत्या, यांवरून स्वतःची तारीखवार वही तयार करा.

उत्तरात मागच्या वर्षाचे समर्थन करत बसू नका. इंजिनाचा भाग पुराव्यासह मांडा आणि मुख्य जोर पुढच्या प्रवासावर द्या. तो कागदावर न ठेवता मुदतीच्या आत सुरू करा, ही माझी ठाम सूचना आहे. ब्रॅडफर्डचे लॉक ओलांडून हिल्पर्टनकडे निघा. तिथून ट्रोब्रिज स्टेशन जवळ पडते आणि बाथला थेट गाडी आहे, म्हणजे नोकरी सांभाळून पहिला टप्पा जमतो. पुढे सेमिंग्टन, सीएन्ड आणि डिव्हायझेस. डिव्हायझेसच्या आधी केन हिलची २९ लॉक चढावी लागतात. त्यासाठी सुट्टीचा एक अख्खा दिवस आणि मदतीला एक माणूस ठेवा. लॉक उघडी असण्याच्या वेळा आधी पाहा. डिव्हायझेसला रेल्वे नाही, तेव्हा ते दोन आठवडे कठीण जातील. त्यापुढे वूटन रिव्हर्सपर्यंत सुमारे १५ मैल एकही लॉक नाही आणि वाटेत प्यूझीला स्टेशन आहे. बाथपासून प्यूझीपर्यंत ३० मैलांहून जास्त अंतर होते. वर्षातून हा पल्ला टप्प्याटप्प्याने खरोखर केलात, तर तुमची बाजू पूर्ण बदलते. ट्रस्ट कदाचित फक्त ६ महिन्यांचा परवाना देऊन पाहील. मिळाला तर घ्या.

मित्राचा सल्ला मात्र ऐकू नका. होम मूरिंग मिळाले की कलम १७ ची अट वेगळ्या मार्गाने पूर्ण होते हे खरे, पण लेझर मूरिंगच्या करारात कायम राहण्यास मनाई असते आणि राहण्यासाठी सहसा नियोजन परवानगीही लागते. चोरून राहिलात तर मरिना करार संपवेल आणि परवान्याचा आधारही जाईल. शिवाय विमा कंपनीला 'सहलीसाठी बोट' असे सांगून तुम्ही तिच्यात राहत असाल, तर दाव्याच्या वेळी अडाल. वैध विमा ही परवान्याची स्वतंत्र अट आहे. राहण्याची परवानगी असलेले रेसिडेन्शियल मूरिंग मिळत असेल, तर ते घेणे उत्तम. हिवाळ्यापुरती सोय हवी असेल, तर ट्रस्ट नोव्हेंबर ते फेब्रुवारी पैसे घेऊन हिवाळी मूरिंग देते. चार वर्षांचे बोट सेफ्टी प्रमाणपत्र कधी संपते तेही आजच पाहा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, गॅसच्या नळ्यांवरची तारीख आणि सिलिंडरच्या कप्प्यातून बाहेर जाणारे छिद्र मोकळे आहे का, हे तपासनीस येण्याआधी बघून घ्या.

बोट ओढून नेण्याबद्दल : परवाना संपला की १९८३ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्याच्या कलम ८ खाली किमान २८ दिवसांची वेगळी नोटीस देऊन बोट हटवता येते, खर्चही तुमच्याकडून वसूल होतो. त्या बोटीत कोणी राहत असेल तर ट्रस्ट सहसा आधी कोर्टात जाते. कोर्टाचे कागद आले तर ते मिळाल्याची पोच १४ दिवसांत कोर्टात दाखल करावी लागते. ही मुदत बरेच जण चुकवतात. घराच्या हक्काचा, म्हणजे मानवी हक्क कराराच्या कलम ८ चा बचाव मांडता येतो, हे कोर्ट ऑफ अपीलने २०१७ साली याच कालव्यावरच्या प्रकरणात मान्य केले. तो मांडता येतो म्हणजे जिंकता येतो असे नाही. सरकारी कायदेशीर मदतीच्या नियमांत राहती बोटही 'घर' धरली जाते. उत्पन्नाची अट बसते का, ते घरांच्या प्रकरणांचे काम करणाऱ्या सॉलिसिटरला (वकिलाला) विचारा.

व्हिसा : हा दिवाणी वाद आहे. परवाना संपल्याने आपोआप व्हिसा जात नाही. पण तुमच्या कंपनीला तुमचा राहण्याचा पत्ता नोंदवून ठेवावा लागतो. तो खरा द्या, बोटीत राहतो असे सांगा, आणि पत्रांसाठी कोणाचा पत्ता वापरत असाल तर तेही स्पष्ट करा. बोट गेल्यावर बेघर म्हणून कौन्सिलकडे घर मागणे हे तुमच्या व्हिसावर बंद असलेल्या सार्वजनिक निधीत मोडते. त्यामुळे तुमच्या मागे ती भिंत नाही, आणि म्हणूनच हे २८ दिवस इतरांपेक्षा तुमच्यासाठी जास्त मोलाचे आहेत. उत्तर ईमेलने आणि रजिस्टर्ड पोस्टाने, दोन्ही मार्गांनी पाठवा आणि पोच जपून ठेवा.