तुझं खापर माझ्या टेबलावर आहे

पुणे, गुरुवार

बाळ,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू विसरून गेलेलं खापर माझ्या टेबलावर आहे. लाल अंग, वर काळ्या रेघांची जाळी. टिचकी मारली की खणखणीत वाजतं.

व्हिडिओत पाहिलेल्या, समुद्रात बुडालेल्या नगरीबद्दल तू वर्गात विचारलंस आणि सर सगळ्यांदेखत हसले. त्यांनी हसायला नको होतं, मला त्याचा फार राग आला. पण व्हिडिओवाला तुझ्याशी आदराने बोलतो म्हणून त्याचं खरं, हे कुठून काढलंस? दोघांनाही एकच विचारायचं: कुठे सापडलं? कोणत्या थरात, कशाच्या शेजारी?

खंबातच्या आखाताचंच घे. २००१ मध्ये सोनारच्या, म्हणजे आवाजाच्या लहरींनी तळ पाहणाऱ्या यंत्राच्या, चित्रांत समुद्रतळाशी चौकोनी आकार दिसले. मग तळ खरवडून वस्तू वर काढल्या, त्यात एक लाकूड सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं निघालं. लाकडाचं वय बरोबर असेलही. पण त्या आखातात भरती-ओहोटीची ओढ भयंकर, ते लाकूड कुठून वाहत आलं कोण सांगणार? हिमयुग ओसरताना समुद्र शंभर मीटरहून जास्त चढला, किनाऱ्यावरच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या असणार, हे मलाही मान्य आहे. पण थरातून ओरबाडून काढलेल्या लाकडावर नगरी उभी करता येत नाही.

'प्रस्थापित लोक नवं काही मानतच नाहीत' म्हणालीस, तेव्हा मी गप्प बसलो. बसायला नको होतं. तुर्कस्तानातल्या गोबेकली टेपेला शेती रुजायच्या आधीच्या माणसांनी कोरलेले, पाच मीटरहून उंच खांब निघाले. १९९५ पासून जर्मन पुरातत्त्वज्ञ क्लाउस श्मिट तिथे खणत होते. पाठ्यपुस्तकं बदलावी लागली, आणि बदलली. आपल्या कोकणात सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळपठारांवरची, कातळशिल्पं हौशी माणसांनी उन्हातान्हात हिंडून शोधली, जागा नोंदवल्या. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्यांना कोणी पदवी विचारली नाही. कुठे सापडलं, हे ते बोट ठेवून दाखवू शकत होते.

आता माझं ऐक. पंचविशीत एका उत्खननावर मी नकाशे काढायचो. दुपारी चराच्या भिंतीत लाल अकीकाचा मणी चमकला. मी तो उपटला, खिशात टाकला आणि जेवणाच्या वेळी दिमाखात उत्खननाच्या प्रमुख सरांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी विचारलं, कुठे होता? मी चराकडे बोट केलं. भिंतीत सात थर होते, प्रत्येक वेगळ्या काळाचा. सर काही बोलले नाहीत, मणी परत दिला आणि जेवायला बसले. तो मणी कोणत्याच अहवालात नाही. आज कुठे आहे तेही मला ठाऊक नाही.

त्यानंतर चाळीस वर्षं मी खापरांची चित्रं काढली. मित्र म्हणायचे, जन्मभर फुटकी मडकी मोजलीस, एखादा मोठा सिद्धांत तरी मांडायचास. मांडता आला असता. बोलावणीही आली होती, कॅमेऱ्यासमोर दोन वाक्यं ठोकून द्यायची एवढंच काम होतं. मी गेलो नाही. भित्रा म्हणा, हेकट म्हणा. आजही जाणार नाही.

आणि बुडालेली नगरी कशाला हवी गं तुला? शिरूर तालुक्यात घोडनदीकाठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ डेक्कन कॉलेजने तिथे खणलं. तीन हजार वर्षांपूर्वीची माणसं तिथे दगावलेलं मूल दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, राहत्या घराच्याच जमिनीखाली पुरत. त्यांचीही खापरं अशीच, लाल अंगावर काळी नक्षी. संगमनेरजवळच्या जोर्वे गावात ती आधी ओळखली गेली, म्हणून त्यांना जोर्वे म्हणतात.

तुझं खापर जोर्वे आहे का? मला मोह होतोय हो म्हणायचा. म्हणणार नाही. आजोळची विहीर खणताना निघालं, एवढंच तू सांगितलंस. आज रात्री मामांना फोन कर. किती हातांवर निघालं? काळ्या शेतमातीत की जुन्या वस्तीच्या पांढरीत? राख होती का, हाडं होती का? उपसलेली माती अजून काठावर असेल तर म्हणावं, ट्रॅक्टर लावू नका. ते सांगतील ते तारखेसकट कागदावर लिही आणि रविवारी घेऊन ये.

तुझा,
काका