व्हीसीवरची पहिली साक्ष

डॉक्टर, व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने (व्हीसीवर) साक्ष द्यायचं समन्स आलं म्हणून इतकं धास्तावू नका. न्यूयॉर्कच्या एका डॉक्टरची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घ्यायला सर्वोच्च न्यायालयाने २००३ सालीच मान्यता दिली, तीही महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात.

सध्या एवढंच सांभाळा:

- शवविच्छेदनाचा अहवाल आदल्या रात्री नव्हे, चार दिवस आधी वाचा. जखमांची मापं, तारखा, वेळा. नवखे इथेच अडकतात. कागद जवळ असू द्या, पण पाहण्याआधी न्यायाधीशांची परवानगी मागा.
- खोलीत व्हीसीची व्यवस्था पाहणाऱ्या समन्वयकाशिवाय कुणी नको. शेजारचा सहकारी कुजबुजला, की उलटतपासणीत तोच मुद्दा होतो.
- प्रश्न पूर्ण ऐका, क्षणभर थांबा, मग बोला. (पहिल्या वेळी मी बराच वेळ म्यूटवरच बोलत होतो!)

सगळ्यात मोठी चूक मात्र कॅमेऱ्याची नसते. वकील डिवचतात आणि आपण आपल्या विषयाबाहेर मत देऊन बसतो. ‘हे माझ्या क्षेत्रात येत नाही’ असं बिनधास्त म्हणा. ‘अशक्य आहे का?’ या प्रश्नाला घाईने हो किंवा नाही म्हणू नका. अहवालातून जेवढं दिसतं, तेवढंच सांगा.

कायद्याच्या कलमांचं नंतर बघू. आणि हो, जबाब नीट वाचूनच सही करा.