काउंटी जेलमध्ये जेलरची नोकरी धरावी का?

तुमचा प्रश्न असा की तुम्हाला नुकतंच अमेरिकेचं नागरिकत्व मिळालंय, टेक्सासमध्ये राहता, तुमच्या काउंटीच्या (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाच्या) जेलमध्ये जेलरची जागा निघाली आहे, तर काम नेमकं कसं असतं आणि कैद्यांची भीती वाटते का. मी टेक्सासमधल्याच एका काउंटीत नऊ वर्षं हे काम करतोय, त्यातली सहा रात्रपाळीची.

आधी शब्दाचं बघू. आपल्याकडे जेलर म्हटलं की वरचा साहेब डोळ्यांपुढे येतो. इथे जेलर म्हणजे कोठडीच्या दाराशी उभा असतो तो, आपल्याकडच्या तुरुंग शिपायासारखा. साहेब म्हणजे शेरीफ, काउंटीचा पोलीसप्रमुख, आणि तो लोकांनी निवडून दिलेला असतो. वय 18 पूर्ण, हायस्कूल झालेलं आणि पार्श्वभूमी स्वच्छ असली की तात्पुरत्या परवान्यावर रुजू होता येतं, मूलभूत प्रशिक्षण वर्षभरात पूर्ण केलं की चालतं. म्हणजे शिकण्याआधीच माणसांची जबाबदारी अंगावर पडू शकते. मला हे आजही पटत नाही. तुम्ही तरी आधी प्रशिक्षण देणारी काउंटी बघा.

शिक्षा झालेले मोठे गुन्हेगार राज्याच्या तुरुंगात जातात. काउंटी जेलमधले बहुतेक जण कच्चे कैदी असतात, खटला उभा राहायचा असतो किंवा तारीख लागायची असते. कितीतरी जण केवळ जामिनाला पैसे नाहीत म्हणून आत असतात. काल रात्रीपर्यंत ते आपल्या घरी होते, कुणाची सकाळी कामावर हजेरी होती, कुणाची पोरं शेजाऱ्याकडे आहेत. पहिले काही तास आणि पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट. अमेरिकेतल्या जेलमध्ये आत्महत्या हे मृत्यूचं फार मोठं कारण आहे ते यामुळेच.

आता भीतीचं. मारामाऱ्या होतात. एकदा माझं बोट मोडलं, एकदा तोंडावर थुंकी झेलली. पण नीट बोललात, दिलेला शब्द पाळलात, फोन मिळेल म्हणालात आणि खरंच मिळवून दिलात, तर 48 जणांची टँक एकटा माणूस सांभाळू शकतो. (टेक्सासच्या नियमात 48 कैद्यांमागे एक जेलर हेच प्रमाण आहे. मोठ्या कोठडीला इथे टँक म्हणतात.) आरडाओरडा झाला की मला धीर असतो, कारण काय चाललंय ते कळतं. पोटात गोळा येतो तो एखाद्या खोलीतून काहीच आवाज येत नाही तेव्हा.

या नोकरीचा कणा म्हणजे फेरी. दर 60 मिनिटांच्या आत प्रत्येक कैद्याला समोरासमोर बघायचं. आत्महत्येचा धोका, मानसिक आजार किंवा मारकुटेपणा माहीत असेल तिथे दर 30 मिनिटांच्या आत. आता रात्री दोन वाजता बघायचं म्हणजे काय? जेलमध्ये थंडी असते, दिवे पुरते विझत नाहीत, म्हणून सगळे डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपतात. दारातून दिसतं ते फक्त एक गाठोडं. छाती वरखाली होताना दिसेपर्यंत हलायचं नाही, दिसत नसेल तर हाक मारायची. तो चिडतो, ‘बॉस, झोपू दे ना’ म्हणून शिवी हासडतो. हासडू दे. त्या शिवीसारखा दिलासा नाही.

2015च्या जुलैत टेक्सासमध्येच, वॉलर काउंटीत, सँड्रा ब्लँड नावाच्या 28 वर्षांच्या बाईला रस्त्यात गाडी अडवण्यावरून झालेल्या वादात अटक झाली. तीन दिवसांनी ती कोठडीत गळफास घेतलेल्या अवस्थेत सापडली. जामीन 5,000 डॉलरचा होता, सुटायला त्याचे दहा टक्के, म्हणजे सुमारे 500, भरले तरी पुरले असते. पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न केल्याची नोंद दाखल करतानाच्या कागदांत होती. दर तासाच्या समोरासमोर फेऱ्या नीट झाल्या नव्हत्या, हा ठपका राज्याच्या जेल आयोगाने ठेवला. 2017मध्ये तिच्या नावाने कायदा झाला, आणि फेरी खरंच झाली की नाही ते यंत्राने नोंदवायची व्यवस्था आली. आमच्याकडे हातातली कांडी प्रत्येक दाराशेजारच्या बटणाला टेकवतो, वेळ आपोआप उमटते. पण कांडीला छाती दिसत नाही. बटण टेकवून तसंच पुढे जाता येतंच.

मीही पहिल्या वर्षी एकदा खोटी वेळ लिहिली आहे, तेव्हा आमच्याकडे कागदच होता. सक्तीच्या जादा पाळीचा सोळावा तास चालला होता, बरोबरच्याने ‘लिहून टाक’ म्हटलं आणि मी 3:40ची न मारलेली फेरी लिहिली. काही झालं नाही, सकाळी सगळे उठले. पण त्या ओळीखालची माझी सही अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

फेरीने काय होतं तेही सांगतो. एका शुक्रवारी जुन्या दंडाच्या वॉरंटवर छपराचं काम करणारा एक पन्नाशीचा माणूस आला. दारू रोज पितो का, तर नाही म्हणाला, सगळेच तसं म्हणतात. रविवारी पहाटे इतर झोपलेले असताना तो उठून बसला होता आणि पांघरुणावरून काहीतरी चिमटीने वेचत होता. ‘मुंग्या काढतोय,’ म्हणाला. मुंगी एकही नव्हती. हात थरथरत होते, सदरा घामाने भिजला होता. दारू एकदम सुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे होतं आणि माणूस यात मरतो. नर्सला बोलावलं, तिने नाडी बघितली आणि थेट अँब्युलन्स मागवली. काही दिवसांनी तो परत आला, मला ओळखलं नाही. कमिसरीतून (जेलच्या दुकानातून) सूप, म्हणजे पाकिटातले नूडल्स, मागवायचे कसे एवढंच विचारलं.

मुलाखतीला जाल तेव्हा पगाराआधी तीन गोष्टी विचारा: सक्तीची जादा पाळी महिन्यातून किती वेळा येते, रात्री नर्स हजर असते का, आणि तुमच्या मजल्यावर जेलरच्या किती जागा रिकाम्या आहेत. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर शेजारच्या काउंटीत अर्ज करा.

माझी आई कराडला असते. दर थंडीत फोनवर विचारते, ‘त्यांना पांघरूण देता ना रे?’ मी हो म्हणतो. एकाच खोलीत देत नाही, जिथे जिवाला धोका आहे तिथे. चादर फाडून दोरी होते, म्हणून तिथे फाटत नाही असा जाड झगा आणि तसलीच गोधडी देतात. हे तिला गेल्या वर्षी पहिल्यांदा सांगितलं. बराच वेळ ती काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘ती जाड असली तरी ऊब येते ना?’ त्या रात्री मी त्या खोलीतल्या मुलाला विचारलं. नाही येत, म्हणाला.