दातांच्या खुर्चीचा हप्ता

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दंतवैद्यक आणि फिजिओथेरपी, दोन्हीकडे प्रवेश मिळतोय. दोन्ही अभ्यासक्रम पाच वर्षांचे, आणि फी भरायला महिनाभर हातात आहे. शिक्षणासाठी साठवलेले पैसे फिजिओथेरपीला बरोबर पुरतात. दंतवैद्यकाला मात्र त्याच्या अडीच पटींहून जास्त लागतात, आणि कमी पडणारी रक्कम आई स्वतःच्या निवृत्तीच्या फंडातून काढायला तयार आहे. शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय, ‘दवाखाना चालवायची कटकट मला नको, पण दातांच्या डॉक्टरला पैसा जास्त मिळतो ना?’

माझ्या दृष्टीने अख्ख्या पत्रात हेच वाक्य महत्त्वाचं आहे. दातांच्या डॉक्टरला पैसा जास्त मिळतो हे बहुतेक ठिकाणी खरं आहे, पण तो खुर्चीच्या मालकाला मिळतो. दुसऱ्याच्या दवाखान्यात काम करणाऱ्याला केलेल्या कामाची टक्केवारी किंवा ठरलेला पगार मिळतो आणि बाकी मालकाकडे जातं. मालक तरी ते सगळं घरी नेतो असं नाही. खुर्ची, काँप्रेसर, सक्शन, एक्स-रे, उपकरणं निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह, कॅप आणि कवळ्या बनवणाऱ्या लॅबचं बिल, मदतनिसाचा पगार, जागेचं भाडं. जमेतला निम्म्याहून अधिक भाग खर्चात जाणं या धंद्यात नवलाचं नाही. खुर्ची दुपारभर रिकामी राहिली तरी यातलं भाडं, पगार आणि खुर्चीच्या कर्जाचा हप्ता थांबत नाही. थोडक्यात, दंतवैद्यकाची पदवी घेणारा माणूस बहुधा एक छोटा कारखाना चालवायला निघालेला असतो. तीच तुम्हाला कटकट वाटत असेल तर त्या पदवीतला सर्वांत किफायतशीर भाग तुम्ही आधीच सोडून देताय.

आता आकडे. तुमच्या खऱ्या रकमा इथे छापत नाही, प्रमाणात बोलू. फिजिओथेरपीचा एकूण खर्च १०० धरला तर तुमच्या हिशेबाने दंतवैद्यकाचा २६०. घरात १०० आहेत, म्हणजे १६० कमी पडतात. ते दरवर्षी ३२ असे पाच हप्त्यांत १० टक्के व्याजाच्या कर्जातून उचलले आणि शिकत असताना व्याज भरलं नाही, तर पदवी हातात येईपर्यंत कर्ज सुमारे २१५ झालेलं असेल. ते दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता साधारण २.८, वर्षाला ३४. सुरुवातीच्या नोकरीत वर्षाला फिजिओथेरपिस्टला ४० आणि डेंटिस्टला ६० मिळतील असा तुमचा अंदाज आहे. तो मान्य केला तरी हप्ता गेल्यावर डेंटिस्टच्या हातात २६ उरतात आणि कर्ज नसलेल्या फिजिओथेरपिस्टच्या हातात पूर्ण ४०. कर अजून धरलेलाच नाही. डेंटिस्टची कमाई पुढे वेगाने वाढू शकते, पण ती वाढ मुख्यतः स्वतःच्या दवाखान्यातून येते, आणि त्यासाठी पहिलं कर्ज फिटायच्या आत दुसरं घ्यावं लागतं.

फिजिओथेरपीची बाजू गुळगुळीत करून सांगत नाही. तिथे तुम्ही तास विकता. एका रुग्णाला अर्धा-पाऊण तास, दिवसाचे तास मोजके, त्यामुळे कमाईला लवकर छत लागतं. कुठे रुग्ण थेट येऊ शकतो, कुठे डॉक्टरची चिठ्ठी लागते, आणि चिठ्ठी लागत असेल तर तुमचं उत्पन्न दुसऱ्याच्या पेनावर अवलंबून. शिवाय दुखणं कमी झालं की माणसं यायची बंद होतात. (माझ्या खांद्याला सहा आठवडे सांगितले होते, मी तिसऱ्यातच दांडी मारली. तेव्हा हे आतल्या गोटातलं समजा.) जमेची बाजू ही की एक टेबल आणि थोड्या साधनांवर सुरुवात करता येते, नोकरी सांभाळून घरोघरी जाऊन रुग्ण पाहता येतात, आणि चुकलं तर नुकसान लहान राहतं.

मागणीची चिंता दोन्हीकडे नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने तोंडाचे आजार जगात सुमारे ३५० कोटी लोकांना आहेत, हाडं-स्नायूंचे १७१ कोटींना. फरक पडतो तो वाईट काळात. २०२० च्या ऑगस्टमध्ये याच संघटनेने, जिथे साथ समाजात पसरली होती तिथे, तातडीचे नसलेले दातांचे उपचार पुढे ढकलायला सांगितलं होतं. फिजिओथेरपिस्टनाही फटका बसला, पण काहींनी व्यायाम व्हिडिओवर शिकवून थोडंफार निभावलं. दाढ व्हिडिओवर भरता येत नाही.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेखही नाही. दोन्ही कामांत कमावतं यंत्र म्हणजे तुमचं शरीर. डेंटिस्टची मान आणि खांदे जातात, फिजिओथेरपिस्टची कंबर आणि अंगठ्याचे सांधे. कोणतीही पदवी घेतलीत तरी पहिल्या पगारापासून अपंगत्वाचा विमा बघा, आणि ‘स्वतःच्या व्यवसायातलं काम करता न येणं’ अशी व्याख्या त्यात आहे का ते वाचा. काही पॉलिसी ‘कोणतंही काम करता न येणं’ म्हणतात. हात थरथरणारा डेंटिस्ट टेबलामागे बसून कारकुनी करू शकतो, मग विमा कंपनी पैसे देत नाही.

माझा कौल फिजिओथेरपीकडे आहे. तो एकाच कारणाने बदलेल, कटकटीबद्दलचं तुमचं मत बदललं तर. महिना आहे, त्यातले चार दिवस एखाद्या दातांच्या दवाखान्यात आणि चार फिजिओथेरपी विभागात बसून काढा. दवाखान्याच्या मालकाला विचारा: आठवड्यात खुर्ची किती तास रिकामी असते, लॅबचं बिल किती येतं, स्वतःचा पगार काढायला किती वर्षं लागली? ही उत्तरं ऐकून कंटाळा न येता हिशेब मांडावासा वाटला, तर दंतवैद्यक घ्या, कर्ज काढून घ्या, आणि पहिली तीन वर्षं दुसऱ्याच्या खुर्चीवर शिका.

कर्ज म्हटलं, आईचा फंड नाही. तुमच्यापुढे फेडायला तीस-पस्तीस वर्षांची कमाई आहे, त्यांच्यापुढे निवृत्तीला दहाच वर्षं उरली आहेत. ७ टक्क्यांनी आजचे १६० तेव्हा जवळपास ३१५ होतील, आणि त्यांना तेव्हा पगार नसेल. तुमचा निर्णय व्हायला अजून महिना लागेल, पण त्यांना हे आजच सांगा, म्हणजे त्या फंड मोडायचा अर्ज भरून ठेवणार नाहीत.