बेसिक कमी करून मिळालेली मुदतवाढ घ्यावी का?

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: वय ६१, पत्नी ५८. जून २००६ पासून दुबईत एकाच कंपनीत (फ्री झोन या खास व्यापारी क्षेत्रात नाही). करार ३१ मे २०२७ ला संपतो. पगार १५,००० दिरहम, त्यात बेसिक (मूळ वेतन) ९,०००. कंपनी आणखी एक वर्ष ठेवायला तयार आहे, पण १२,५०० वर. त्यात बेसिक ७,०००. मित्रांनी सांगितलंय की ऑक्टोबरनंतर भारतात आलात तर टॅक्स वाचतो, म्हणून निदान नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत थांबायचा विचार आहे. एनआरई एफडीत (अनिवासी भारतीयांच्या रुपयातल्या मुदत ठेवीत) ९५ लाख, म्युच्युअल फंडात २८ लाख. पुण्यात राहतं घर आहे, कर्ज नाही. एफडी आणि ग्रॅच्युइटी मिळून वाकडला १ कोटी १० लाखांचा तयार फ्लॅट घेऊन २६,००० भाड्यावर निवृत्ती काढावी का? महिन्याचा घरखर्च ५५,००० धरला आहे. दोघांनाही बीपी, मला शुगरही.

सप्रेम नमस्कार,

तुम्ही फ्लॅटबद्दल दोन पानं लिहिलीत आणि बेसिक कमी होतंय हे एका ओळीत. मला काळजी त्या एका ओळीची वाटली, म्हणून सुरुवात तिथूनच.

यूएईच्या कायद्यात ग्रॅच्युइटी शेवटच्या बेसिकवर निघते. तुम्ही कोणत्या वर्षी किती बेसिकवर काम केलंत, याला तिथे काही किंमत नाही. पहिल्या पाच वर्षांना वर्षाला २१ दिवसांचा बेसिक आणि त्यापुढे वर्षाला ३० दिवसांचा. एकूण रक्कम दोन वर्षांच्या वेतनाच्या वर जात नाही, पण त्या मर्यादेपर्यंत तुम्ही अजून पोचलेला नाही. ३१ मे २०२७ ला तुमची २१ वर्षं पूर्ण होतात. पाच वर्षांचे १०५ दिवस आणि सोळा वर्षांचे ४८० मिळून ५८५ दिवस. बेसिक ९,००० म्हणजे दिवसाला ३००. हिशेब झाला १,७५,५०० दिरहम. दिरहमला २४ रुपये धरले तर ४२ लाख.

आता तुम्ही नवीन ऑफर लेटरवर सही केलीत आणि १५ नोव्हेंबरला निघालात असं धरा. दिवस वाढून ५९९ च्या आसपास होतात, पण रोजचा दर २३३ वर येतो. हातात येतात सुमारे १,३९,७०० दिरहम. म्हणजे ३५,८०० कमी. नव्या पगारात खर्च जाऊन महिन्याला ३,५०० उरतील असं तुम्हीच लिहिलंय. साडेपाच महिन्यांचे ते १९,२५० होतात. थोडक्यात, साडेपाच महिने राबून तुम्ही साधारण १६,५०० दिरहम, म्हणजे चार लाख रुपये, उलट गमावता. वर्ष पूर्ण काढलंत तरी शिल्लक ४२,००० आणि ग्रॅच्युइटीतली घट ३२,०००. वर्षभराच्या नोकरीतून उरले १०,००० दिरहम.

कंपनी फसवतेय असं मी म्हणत नाही. पगार कमी करताना बेसिक आणि अलाउन्स दोन्हीला सारखी कात्री लावायची पद्धत असते, आणि मागच्या वीस वर्षांच्या ग्रॅच्युइटीवर तिचा काय परिणाम होतो ते समोरचा माणूस विचारेपर्यंत कुणी सांगत नाही. तेव्हा विचारायचं तुम्ही. पहिला पर्याय: पगार १२,५०० च ठेवा, पण बेसिक ९,००० आणि अलाउन्स ३,५००. कंपनीचा महिन्याचा खर्च तोच राहतो. दुसरा पर्याय: ३१ मे पर्यंतची ग्रॅच्युइटी जुन्या बेसिकवर काढून खात्यात जमा करावी आणि १ जूनपासून नवा करार करावा. नवी सेवा वर्षापेक्षा कमी भरली तर तिची ग्रॅच्युइटी मिळत नाही, पण तुमच्या बाबतीत ते नुकसान चार हजार दिरहमच्या आसपास आहे. ३५,००० वाचवताना ते सोसावं. मात्र 'सर्व येणे मिळाले' या कागदावर सही पैसे खात्यात दिसल्यावरच करा. कायद्याने नोकरी संपल्यापासून १४ दिवसांत रक्कम द्यावी लागते. बिनपगारी रजेचे दिवस सेवेत धरत नाहीत, तेव्हा २१ वर्षांत तशा रजा घेतल्या असतील तर माझा आकडा तेवढा खाली येईल. आणि मुदतवाढ घेऊन मध्येच राजीनामा दिला तर ग्रॅच्युइटी कापली जाईल ही भीती जुन्या कायद्यातली आहे. फेब्रुवारी २०२२ पासून तसं होत नाही, फक्त करारातला नोटीस पिरियड पाळा.

दोन्ही पर्याय नाकारले गेले तर माझं मत स्पष्ट आहे: ३१ मे ला काम थांबवा आणि परत या.

मग ऑक्टोबरच्या टॅक्सचं काय? मित्रांनी सांगितलेला नियम खरा आहे. आर्थिक वर्षात भारतातले दिवस १८२ च्या आत राहिले आणि आधीच्या चार वर्षांतल्या सुट्ट्यांची बेरीज ३६५ च्या खाली असली, तर ते वर्ष अनिवासी म्हणूनच मोजलं जातं. तुम्ही वर्षाला ४० दिवस येता, म्हणजे चार वर्षांचे १६०. तिथे अडचण नाही. नोव्हेंबर २०२७ मध्ये आलात तर २०२७-२८ अनिवासी आणि पुढची दोन वर्षं 'निवासी पण सामान्यतः निवासी नाही' या वर्गात. जूनमध्ये आलात तर हीच दोन वर्षं २०२७-२८ पासून सुरू होतात. एक वर्ष कमी मिळतं, एवढाच फरक. या वर्गात असेपर्यंत परदेशातल्या उत्पन्नावर इथे कर लागत नाही.

पण तुमचं परदेशातलं उत्पन्न परत आल्यावर उरतंय कुठे? तिथे घर नाही, शेअर नाहीत. तुमचं पुढचं सगळं व्याज भारतातलं. इथे एक मोठा गैरसमज दूर करायला हवा: कायमचे परतल्यावर एनआरई एफडीचं व्याज त्या दिवसापासून करपात्र होतं. वर सांगितलेल्या दोन वर्षांची सवलत त्याला लागू नाही. ती एफसीएनआर ठेवींच्या (अनिवासींच्या परकीय चलनातल्या ठेवी) आणि आरएफसी खात्याच्या (परतलेल्यांचं परकीय चलनातलं खातं) व्याजाला आहे. परतल्यावर बँकेला कळवून एनआरई एफडी निवासी करून घ्यायची असते. ठरलेला दर मुदत संपेपर्यंत मिळत राहतो, म्हणून ती मोडायची घाई नको. वर्ष पूर्ण होण्याआधी मोडली तर व्याजच मिळत नाही.

तरीही तुम्हाला कर बसणार नाही, आणि त्याचं कारण साधं आहे. ९५ आणि ४२ मिळून १ कोटी ३७ लाख. त्यातले ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, ८.२ टक्क्यांनी वर्षाला २ लाख ४६ हजार. उरलेले १०७ लाख साडेसहा टक्क्यांनी ६ लाख ९५ हजार. बेरीज ९ लाख ४१ हजार. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत निवासी व्यक्तीला १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कर शून्य आहे. मग जूनमध्ये या नाहीतर नोव्हेंबरमध्ये, तुमच्या करात फरक शून्य. ज्यांचं व्याज बारा लाखांच्या पुढे जातं किंवा ज्यांना तिकडच्या घराचं भाडं मिळत राहणार आहे, त्यांनी ऑक्टोबरची वाट जरूर पाहावी.

कराच्या बाबतीत जपायची गोष्ट वेगळीच आहे. पगार असो वा ग्रॅच्युइटी, पैसा आधी दुबईच्या खात्यात जमा झाला पाहिजे, मग भारतात पाठवायचा. कंपनीने थेट पुण्याच्या खात्यात टाकला तर तो भारतात मिळालेलं उत्पन्न ठरू शकतो, आणि त्यावर अनिवासी माणसालाही कर लागतो. म्हणून दुबईचं खातं शेवटचा दिरहम येईपर्यंत बंद करू नका. क्रेडिट कार्डं मात्र दोन महिने आधीच बंद करा आणि बँकेकडून काही देणं नसल्याचं पत्र घ्या. कार्डाची किंवा कर्जाची बाकी असेल तर फायनल सेटलमेंटची रक्कम येताच बँक ती अडवून ठेवते, आणि तोवर व्हिसा रद्द झालेला असतो. सगळं मिळाल्यावर तिथे मोठी शिल्लकही ठेवू नका. खातेदार गेला तर खातं गोठवलं जातं आणि कोर्टाच्या आदेशाशिवाय वारसांच्या हाती काही लागत नाही. पत्नीला उतारवयात त्या फेऱ्या नकोत.

आता वाकडचा फ्लॅट. किंमत १ कोटी १० लाख. त्यावर पुण्यात ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ७ लाख ७० हजार, नोंदणी ३० हजार. भाडेकरूसाठी कपाटं, किचन, पंखे-गीझर याला ६ लाख धरा. झाले १ कोटी २४ लाख. भाडं २६,००० खरं मानू, पण बारा महिने सलग मिळत नाही, अकरा धरू. २ लाख ८६ हजारांतून सोसायटीचा मेन्टेनन्स ४२,०००, घरपट्टी १८,०००, एजंट आणि डागडुजी २५,०००. हाती उरले २ लाख १ हजार. एवढ्या पैशावर १.६ टक्के. उरलेल्या १३ लाखांचं व्याज ८५ हजार. म्हणजे वर्षाला २ लाख ८६ हजार मिळणार आणि तुमचा खर्च ६ लाख ६० हजार. कमी पडणारे पावणेचार लाख दरवर्षी म्युच्युअल फंडातून काढाल, आणि वयाच्या सत्तरीपर्यंत हातात बहुधा दोन फ्लॅट आणि रिकामं खातं राहील. हॉस्पिटलने डिपॉझिट मागितलं तर फ्लॅटची एक खोली विकता येत नाही. टोकन देऊ नका. भाव वाढतील हे मलाही मान्य आहे, पण त्या वाढीचा उपयोग तुम्हाला विकल्यावरच, आणि तुमची गरज दर महिन्याची आहे.

फ्लॅट न घेता ९ लाख ४१ हजार मिळतात आणि ६ लाख ६० हजार खर्च होतात. वरचे पावणेतीन लाख खर्चून टाकू नका. व्याज तेवढंच राहतं, पण ६ टक्के महागाईने खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो. म्हणून ही शिल्लक आणि आधीचे २८ लाख फंडातच वाढू द्या, निदान आठ-दहा वर्षं हात लावू नका. ज्येष्ठ नागरिक योजनेत अनिवासी असताना पैसे ठेवता येत नाहीत. परतल्यावरच खातं उघडा. त्यासाठी पॅनबरोबर आधार लागतं. दोघांपैकी कुणाचं नसेल तर पुढच्या सुट्टीत आल्या आल्या अर्ज करा, भारतीय पासपोर्टवर अनिवासी माणसाला १८२ दिवस थांबावं लागत नाही. वहिनी साठच्या झाल्या की त्यांच्या नावे वेगळे ३० लाख ठेवता येतील. पैसे तुमचे असल्याने ते व्याज तुमच्या उत्पन्नात धरलं जाईल, तरी बेरीज दहा लाखांच्या आतच राहते.

सगळ्यात आधी, कंपनीच्या उत्तराचीही वाट न पाहता करायचं काम आरोग्य विम्याचं आहे. तुमचा दुबईचा विमा व्हिसाबरोबर संपतो आणि तिथली वर्षं इथल्या पॉलिसीत मोजली जात नाहीत. बीपी-शुगरसारख्या आधीच्या आजारांना इथे जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा वेटिंग पिरियड असतो. तो पॉलिसी घेतल्या दिवसापासून मोजतात, तुम्ही भारतात आल्यापासून नाही. भारतीय पॉलिसी अनिवासी असतानाही घेता येते. आज घेतलीत तर तिकडे नोकरी करत असतानाच यातले काही महिने सरतात. दहा लाखांची मूळ पॉलिसी आणि तिच्यावर दहा लाखांनंतर सुरू होणारा सुपर टॉप-अप, दोन्ही दोघांसाठी. मेडिकल तपासणी लागली तर सुट्टीत करून टाका. फॉर्ममध्ये शुगर कधीपासून, गोळी कोणती, मिलिग्रॅम किती, सगळं खरं लिहा आणि दुबईतल्या डॉक्टरांचे रिपोर्ट, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) सकट, फाइलला लावून घेऊन या. लपवलेला आजार पहिल्या पाच वर्षांत क्लेम नाकारायला पुरेसं कारण होतो.

आणि ऑफर लेटरवर सही करण्याआधी एचआरला लेखी एवढंच विचारा: "३१ मे २०२७ पर्यंतची माझी ग्रॅच्युइटी ९,००० बेसिकवर काढून मला मिळेल का? नसेल, तर नव्या करारात बेसिक ९,००० ठेवून अलाउन्स कमी करता येतील का?" उत्तर तोंडी नको, मेलवर हवं. ते आलं की मला पाठवा, सहीची तारीख जाण्याआधी पाहून देतो.